गप्प म्हणजे शांत नव्हे

मराठीत ‘शांत’ हा शब्द आपण जरा जास्तच सढळ हाताने वापरतो. मास्तरांनी टेबलावर पट्टी आपटली की वर्ग शांत होतो. कर्फ्यू लागला की शहर शांत होतं. आणि जनावरांच्या डॉक्टरकडे टेबलावर चढवलेला कुत्रा शेपूट पोटाशी घेऊन, कान मागे पाडून दगडासारखा थिजला की आपण कौतुकाने म्हणतो, "किती शांत आहे हो तुमचा! अज्जिबात त्रास देत नाही."

तिन्ही ठिकाणी खरं तर एकच गोष्ट झालेली असते. कुणीतरी घाबरलेलं असतं.

गेले काही महिने मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत होते. कारण अगदी घरगुती आहे, ते पुढे सांगतेच. सुरुवात झाली ती "कुत्र्याची नखं कापताना त्याला धरायचं कसं" या साध्या प्रश्नापासून, आणि वाचता वाचता पोचले ती लेनिनग्राडच्या पुरापर्यंत! गप्प बसणं आणि शांत असणं यातला फरक माणसाला कळायला फार वेळ लागला. आणि जो कळला तो बराचसा कुत्र्यांच्याच जिवावर कळला. त्याचा हा इतिहास, मला समजला तसा. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

गंमत म्हणजे, अगदी जुन्या लोकांना यातलं बरंच माहीत होतं. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहिणारा एरियन आपल्याला ठाऊक असतो, तो पोरसच्या लढाईमुळे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या या गृहस्थाने शिकारी कुत्र्यांवरही एक छोटं पुस्तक लिहून ठेवलंय. त्याची स्वतःची होर्मे नावाची कुत्री होती आणि तिच्याबद्दल तो इतक्या मायेने लिहितो की रोमन साम्राज्यातला बडा अधिकारी लिहितोय यावर विश्वास बसत नाही. त्याचं म्हणणं असं, की कुत्र्याने माणसाजवळ झोपावं आणि त्याचं सगळं अंग रोज हाताने चोळावं. त्याने अवयव बळकट होतात, केस मऊ आणि तकतकीत राहतात. पुढे तो एक बारीकशी सूचना देतो. उजव्या हाताने पाठ चोळताना डावा हात पोटाखाली धरावा, म्हणजे वरून दाब पडून कुत्रं खाली दबणार नाही, त्याला दुखणार नाही.

हा डावा हात मला फार आवडला. वरचा हात काम करतो आणि खालचा हात आधार देतो. आज परदेशात पशुवैद्यांना जे महागडे अभ्यासक्रम शिकवतात त्यातली एक महत्त्वाची गोष्ट हीच आहे, की धरायचं ते आधारासाठी, दाबायला नाही.

पुढे चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या फ्वा परगण्याच्या काउंटने, गास्तों फेब्युसने, १३८७ साली शिकारीवरचा आपला ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या एका सचित्र प्रतीत कुत्र्यांच्या शुश्रूषेचं एक सुंदर पान आहे. नोकर मंडळी बसून कुणाचा पंजा बघताहेत, कुणाचं तोंड उघडून दात बघताहेत, कुणाचे पाय धुताहेत. हे सगळं करणारी माणसं कुत्र्यांच्या रोजच्या ओळखीची. रात्री त्यांच्याजवळ झोपणारी, सकाळी त्यांना बाहेर काढणारी. म्हणजे डॉक्टर आणि मालक ही वेगवेगळी माणसं अजून झालेली नव्हती.

ती वेगळी झाली, आणि तिथून गोष्ट बदलली.

पशुवैद्यकाचं पहिलं आधुनिक विद्यालय फ्रान्समध्ये लिऑन इथे निघालं. १७६१ साली परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले. स्थापन करणारा क्लोद बुर्जला हा मूळचा घोडेस्वारीच्या शाळेचा प्रमुख. आणि विद्यालय काढण्याचं मोठं कारण होतं युरोपभर गुरं मारत सुटलेली बुळकांडी. म्हणजे या शास्त्राचा जन्मच मुळी घोडा आणि गाय यांच्यासाठी झाला. सैन्याला घोडा हवा, शेतकऱ्याला गाय हवी. कुत्रा काय, असला तर असला. आणि साताठ मणांच्या जनावराला औषध पाजायचं तर आधी त्याला जखडणं आलंच. आपल्याकडे नालबंद बैलाला नाल मारताना काय करतो ते गावाकडच्या मंडळींनी पाहिलं असेल. दोर टाकून बैल आडवा पाडायचा, पाय एकत्र बांधायचे, एकाने शिंगं दाबून धरायची आणि मग नाल ठोकायची. तिथे दुसरा इलाजही नव्हता. पण तीच पद्धत मग अंगाने बारीक असलेल्या कुत्र्यालाही लागू झाली. ‘आधी पाडा, मग बघा.’

दुसरं कारण याहून मोठं. पिसाळलेला कुत्रा.

लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ ला कुत्रा चावलेल्या जोसेफ मायस्टर या मुलाला लस टोचेपर्यंत रेबीजवर काहीही उपाय नव्हता. आणि लक्षणं दिसू लागल्यावर आजही जवळजवळ नाहीच. अशा जगात अनोळखी कुत्र्याच्या तोंडाशी हात नेणाऱ्या माणसाने आधी ते तोंड बांधलं, तर त्याला काय दोष द्यायचा? ब्रिटनने कुत्र्यांच्या तोंडाला जाळ्या बांधण्याची सक्ती करून आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना अडवून १९०२ पर्यंत देशातून रेबीज हटवला (पहिल्या महायुद्धानंतर तो थोडा परत आला, पुन्हा घालवला). आपल्याकडे हिंदुस्थानातली पहिली पाश्चर संस्था १९०० साली कसौलीला निघाली. पण इथे रेबीज गेला नाही, अजूनही नाही. म्हणून आपल्याकडचा डॉक्टर जेव्हा कापडाच्या पट्टीने कुत्र्याचं तोंड झटकन बांधतो, तेव्हा त्या गाठीत दीडदोनशे वर्षांची रास्त भीती असते. मळणीच्या बैलाला घालतात ते मुसकं आणि कुत्र्याच्या तोंडाची जाळी दिसायला सारखीच. पण बैलाचं मुसकं धान्य वाचवण्यासाठी, कुत्र्याचं माणूस वाचवण्यासाठी.

मुंबईचा आणि कुत्र्यांचा संबंध तर याहून जुना आणि जास्त नाट्यमय आहे. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली होती. जूनमध्ये पारशी मंडळी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, मारणाऱ्यांवर धावून गेली, दुसऱ्या दिवशी हरताळ पडला आणि फोर्टातल्या साहेब लोकांचा दाणापाणी अडला. पारशी धर्मात कुत्र्याला केवढं स्थान आहे हे कंपनी सरकारच्या लक्षातच आलं नव्हतं! दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरापोळ काढली. पुढे १८८३ मध्ये परळला सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. परळच्या बैलघोड्याच्या दवाखान्यात आपापली कुत्री-मांजरं घेऊन जाणाऱ्या मुंबईकरांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. जीव वाचवायला हवा, ही जाणीव आपल्या शहराला अशी खूप आधी झाली. वाचवताना त्या जिवाला काय वाटतं, हा प्रश्न मात्र अजून कुणी विचारला नव्हता.

तो प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला गेला तो अशा जागी, जिथे कुत्र्यांवर दया करण्याचा कुणाचाही हेतू नव्हता. पावलॉवच्या प्रयोगशाळेत.

पावलॉव म्हटलं की घंटा आणि लाळ, एवढंच आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या कुत्र्यांना प्रयोगाच्या वेळी लाकडी चौकटीत, पायांना आणि मानेला पट्टे अडकवून तासन्‌तास उभं राहावं लागे. बहुतेक कुत्री सवयीने उभी राहत. पण १९१७ च्या सुमारास एक असा भेटला की तो काही केल्या चौकटीत टिकेना. सारखी धडपड, सारखी लाळ. पावलॉवने त्याला चक्क ‘स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया’ असं नाव देऊन टाकलं. (क्रांतीचं वर्ष होतं, हवेतच असावं ते!) मग उपाय काय केला? मारलं नाही, पट्टे आवळले नाहीत. त्या कुत्र्याला दिवसाचं सगळं खाणं फक्त त्या चौकटीतच द्यायला सुरुवात केली. आधी तो नीट खाईना, वाळला. हळूहळू खायला लागला आणि हळूहळू उभा राहायला लागला. हे काही प्रेमाने केलेलं नाही, भुकेने केलेलं आहे, हे विसरू नये. पण बांधून जे साधलं नाही ते खाण्याने साधलं, एवढी नोंद झाली.

त्याच्या आधी, १९१२ च्या आसपास, त्याच प्रयोगशाळेत मारिया येरोफेयेवा या बाईंनी आणखी विलक्षण गोष्ट दाखवली होती. कुत्र्याच्या कातडीवर एका जागी विजेचा अगदी सौम्य झटका आणि लगेच खाणं. झटका हळूहळू वाढवत नेला. शेवटी एवढा जोराचा झटका बसला तरी कुत्रा दचकेना, उलट खाण्याच्या आशेने लाळ गाळी. पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. झटक्याची जागा बदलत गेल्यावर एका टप्प्याला सगळं कोसळलं. कुत्रा पुन्हा पहिल्यासारखा, किंबहुना जास्तच, बिथरला.

हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले. एका जागी शिकलेली सहनशीलता दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, आणि ताणली की तुटते. पंजा हातात देणारा कुत्रा कानाला हात लावला की गुरगुरतो, तेव्हा तो आगाऊपणा करत नसतो. कानाचा धडा त्याला कुणी शिकवलेलाच नसतो.

आणि मग १९२४ साल. त्या वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या.

२३ सप्टेंबरला लेनिनग्राडला नेवा नदीचा प्रचंड पूर आला. पावलॉवच्या कुत्र्यांच्या खोल्यांमध्ये पाणी शिरलं. पिंजऱ्यांची दारं खाली आणि पाणी वर, त्यामुळे वाचवायला आलेल्या माणसांना कुत्र्यांची डोकी पाण्याखाली दाबून त्यांना दारातून बाहेर ओढावं लागलं. कुत्री वाचली. पण त्यातली काही शिकलेलं सगळं विसरली. एक कुत्रा दोनेक महिन्यांनी पूर्वपदावर आला असं वाटत होतं. तेव्हा पावलॉवचा सहकारी स्पेरान्स्की याने प्रयोगाच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीकशी धार सोडली. फक्त धार. कुत्रा भेदरला आणि शिकलेलं पुन्हा नाहीसं झालं. विचार करा, जीव वाचवणाऱ्या हातांनीच मुंडकं पाण्याखाली दाबलं होतं. डॉक्टरकडे जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची गोष्ट थोडीफार हीच नाही का? आणि एक गोष्ट. नेहमी भिंतीपलीकडे बसणारा माणूस जेव्हा खोलीत कुत्र्याजवळ येऊन बसला, तेव्हा कुत्रा सावरायला लागला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधक बाईंनी पीटर नावाच्या पावणेतीन वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. पीटर सशाला प्रचंड घाबरायचा. बाईंनी काय केलं, तर तो आपल्या उंच खुर्चीत आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या लांबच्या टोकाला ठेवला. इतका लांब, की पीटरचं खाणं थांबणार नाही. रोज थोडा थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेऊन बसला. या गोष्टीत एक कुत्राही आहे बरं का! मधल्या काळात पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला, दवाखान्यातून घरी निघताना टॅक्सीत बसता बसता एक मोठा कुत्रा त्याच्यावर भुंकत धावून आला, आणि सशाची गेलेली भीती परत पहिल्याएवढी झाली. बाईंनी न चिडता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

भीती कशी बसते ते लेनिनग्राडने दाखवलं, ती कशी उठवायची ते न्यूयॉर्कने. म्हणजे १९२४ पासून हे सगळं छापील स्वरूपात उपलब्ध होतं. खाणं थांबणार नाही इतकं लांब, आणि रोज थोडं जवळ. बस्स!

पण कुत्रे शिकवणाऱ्यांनी ते वाचलं नाही. त्यांची परंपरा वेगळी होती. जर्मनीत पोलीस खात्यातल्या कोनराड मोस्टने १९१० मध्ये कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं होतं, त्यात हिसका आणि सक्ती यांना मानाचं पान. पुढे अमेरिकेत १९६२ साली विल्यम केलरचं पुस्तक आलं आणि तुफान खपलं. हा माणूस डिस्नेच्या सिनेमांसाठी प्राणी शिकवायचा, म्हणजे पडद्यावर गोड दिसणाऱ्या कुत्र्यांमागे बऱ्यापैकी कडक पट्टा होता. कुत्रा ऐकतो ना, मग झालं. गप्प आहे ना, मग शांतच आहे.

या समजुतीला सुरुंग लागला तो १९६७ मध्ये, आणि तोही फार क्रूर प्रयोगातून. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना विजेचे असे झटके दिले की ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. दुसऱ्या काहींना तेवढेच झटके, पण डोक्याने एक फळी दाबली की थांबणारे. नंतर सगळ्यांना एका पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. ज्यांच्या हातात आधी काही नव्हतं, त्या आठपैकी सहा कुत्र्यांनी सुटायचा जवळपास प्रयत्नच केला नाही. खाली बसली आणि सोसत राहिली. नंतर त्यांना हाका मारून पाहिल्या, पलीकडे मांसाचे तुकडे टाकून पाहिले. उपयोग शून्य. शेवटी गळ्यातला पट्टा धरून पुन्हा पुन्हा पलीकडे ओढून न्यावं लागलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की इथून जाता येतं.

बाहेरून बघणाऱ्याला ती कुत्री कशी दिसली असतील? शांत. अज्जिबात त्रास न देणारी.

आपला कुत्रा दवाखान्यात एरवीचं आवडतं बिस्किटही तोंडात धरत नाही, त्याचं कारण इथे आहे. तो हट्टी नसतो आणि त्याचं पोटही भरलेलं नसतं. भीती एका पातळीच्या वर गेली की खाऊ हे औषध उरतच नाही. म्हणूनच पीटरचा ससा आधी लांब ठेवायचा होता.

पण याच प्रयोगांत एक आशेची गोष्टही होती. ज्या कुत्र्यांनी आधी एकदा ‘माझ्या करण्याने हे थांबतं’ हे अनुभवलं होतं, ती नंतरच्या न थांबणाऱ्या झटक्यांनीही खचली नाहीत. आणि पुढे, २०१६ साली, या दोघांनी स्वतःचाच सिद्धान्त उलटा करून मांडला. पन्नास वर्षं आपण म्हणत आलो की कुत्री हतबलता शिकली. मेंदूचा अभ्यास केल्यावर दिसलं ते असं, की लांबत जाणाऱ्या त्रासापुढे थिजणं ही मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट, परिस्थिती थोडीतरी आपल्या हातात आहे ही. पन्नास वर्षांनी आपलं म्हणणं असं जाहीरपणे फिरवायला मोठं मन लागतं, नाही का?

मग हातात देणं म्हणजे काय? ते शिकवलं समुद्राने.

डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही. हिसका देता येत नाही. रागावलात तर तो तळाशी निघून जातो आणि तुम्ही काठावर हात हलवत बसता. हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये १९६३ पासून डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांच्याकडे म्हणून दोनच साधनं होती, एक शिटी आणि मासे. हवी ती हालचाल झाली की त्या क्षणी शिटी, मग मासा. त्यांनी १९८४ मध्ये ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक लिहिलं (नाव कुत्र्याचं असलं तरी नवरे, मुलं, रूममेट सगळ्यांना लागू आहे!) आणि १९९० नंतर शिटीच्या जागी टिकटिक वाजणारा क्लिकर घेऊन ही पद्धत कुत्र्यांच्या जगात पसरली. तोवर मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत याचा एक वेगळाच उपयोग होऊ लागला होता. डॉल्फिन स्वतःहून शेपटी काठावर टेकवून रक्त काढू देऊ लागले. मोठमोठी जनावरं जाळीपाशी येऊन खांदा लावून इंजेक्शन घेऊ लागली. कारण गेंड्याला कोण धरणार? म्हणजे बघा, ज्यांना धरणं अशक्य होतं त्यांना आपण विचारायला शिकलो. आणि कुत्रा? त्याला धरता येत होतं, म्हणून त्याला विचारायला कुणी गेलं नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत एक दिलासा मात्र आहे, तो म्हणजे लहानपण. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत केलेला एक अभ्यास १९६१ मध्ये छापून आला. पिल्लं कुंपणाआड, माणसांपासून लांब वाढवली आणि वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा माणसांत आणली. पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान माणसं भेटलेली पिल्लं सहज रुळली. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न पाहिलेली मात्र रानटीच राहिली. त्या वयात टेबल, कात्री, ड्रायरचा आवाज, पांढरा कोट यांची खाऊच्या साथीने ओळख झाली तर पुढचं अर्धं काम होऊन जातं.

आता आजचं. २००९ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी दवाखान्यात आलेल्या १३५ कुत्र्यांचं निरीक्षण केलं. तपासणीच्या टेबलावर त्यातली १०६ घाबरलेली दिसली. आणि ज्यांना आधी दवाखान्यात फक्त चांगलेच अनुभव आले होते ती कमी घाबरत होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डॉ. सोफिया यिन यांचं जनावरांना कमी ताण देऊन हाताळण्यावरचं जाडजूड सचित्र पुस्तक आलं. त्या २०१४ मध्ये गेल्या. पण कुठे हात ठेवायचा, कधी थांबायचं हे फोटोंसकट दाखवणाऱ्या त्यांच्या पुस्तकाने डॉक्टरांची एक पिढी बदलली. २०१६ मध्ये मार्टी बेकर या पशुवैद्याने ‘फिअर फ्री’ नावाचं प्रशिक्षणच सुरू केलं. पायाखाली न घसरणारी चटई, जमलं तर टेबलाऐवजी जमिनीवर तपासणी, समोरून अंगावर न झुकणं, सुई टोचताना चाटायला काहीतरी, आणि मालकाला बाहेर न काढणं. मालकाने जवळ राहून बोलणं, कुरवाळणं याने कुत्र्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे २०१७ मधल्या एका कॅनेडियन अभ्यासात दिसलं. स्पेरान्स्की खोलीत येऊन बसला होता, त्याचीच ही नात म्हणायची.

औषधांची कथाही तीच. एसेप्रोमॅझिन नावाची गोळी कित्येक वर्षं दवाखान्याआधी, दिवाळीच्या फटाक्यांआधी सर्रास दिली जायची. कुत्रा ढिला पडायचा आणि घरचे सुटकेचा श्वास टाकायचे. मग वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, की अहो, या गोळीने अंग ढिलं पडतं, भीती आतल्या आत तशीच राहते. आता भीतीच कमी करणारी इतर औषधं डॉक्टर देतात. गप्प आणि शांत यातला फरक अखेर गोळीपर्यंत पोचला!

घरगुती कारण सांगते म्हटलं होतं. आईकडची चिंगी दहा वर्षांची आहे आणि तिला मधुमेह निघाला. दिवसातून दोनदा इन्शुलिन. आई सत्तरीची, चिंगी सोळा किलोची. दिवसातून दोनदा धरपकड करायची म्हटली तर दोघींपैकी आधी कोण संपेल सांगता येत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, टोचून घेतलं तर अजून काही चांगली वर्षं आहेत. म्हणजे सगळा प्रश्न त्या दोन मिनिटांचा होता.

आमच्या डॉक्टरांच्या हाताखाली एक तरुण मुलगी आहे, तिने आईला शिकवलं. पहिले काही दिवस इंजेक्शन ती मुलगीच येऊन द्यायची, आणि आई दिवसातल्या इतर वेळी फक्त सराव करायची. एक जुनं पायपुसणं घेतलं. चिंगी स्वतःहून त्यावर आली की जेवणातलंच बाजूला काढलेलं उकडलेलं चिकन, कणभर. मग सुई नसलेली सिरिंज दिसली की कणभर. आधी सिरिंज, मग चिकन. उलट नाही, कारण उलट केलं तर चिकन दिसताच तिला संशय यायला लागेल. मग मानेमागची कातडी चिमटीत धरली की कणभर. मग सिरिंज नुसती टेकवली की कणभर. हनुवटी आईच्या मांडीवर टेकलेली असेल तोवर काम चालू. चिंगीने हनुवटी उचलली की आईने हात काढून घ्यायचा. नेहमी. अगदी घाई असली तरी.

पहिल्या दिवशी चिंगीने सतरा वेळा हनुवटी उचलली. आईने सतरा वेळा हात काढला. (मोजत होते बाबा, निवृत्तीनंतर त्यांना काम हवंच असतं.) तिसऱ्या आठवड्यात आईने पहिलं इंजेक्शन स्वतः दिलं. आता सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला चिंगी स्वतः पायपुसण्यावर जाऊन उभी राहते. कधी मधेच हनुवटी उचलते, आई थांबते, आणि चिंगी चार सेकंदांनी परत टेकवते. थांबता येतं हे कळल्यामुळेच तिला थांबवावंसं वाटत नाही. १९६७ च्या त्या दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांना फळी दाबून जे मिळत होतं, ते हेच.

हे सगळीकडे जमेल असं मी म्हणत नाही. गाडीखाली आलेल्या कुत्र्याला हनुवटी टेकवायला सांगत बसता येत नाही. तिथे धरावं लागतं, बांधावं लागतं, गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. गर्दीच्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरने सकाळभरात किती जनावरं बघायची याला मर्यादा असते. अनोळखी कुत्र्याला जाळी घालणं तर आपल्या देशात शहाणपणाचंच आहे. फक्त जाळीसुद्धा आधी घरी, आत खाऊ ठेवून, खेळाखेळात ओळखीची करून देता येते. नखं कापायची तर आज एकच नख कापावं, बाकीची उद्या-परवा. दवाखान्यावरून फिरायला जाताना नुसतं आत जाऊन वजनकाट्यावर उभं करून, काही न टोचता परत यावं. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि कुत्र्याने ‘नको’ म्हटल्यावर ते ऐकू येणारा कान लागतो.

आणि कान आला की भलतीकडेही ऐकू यायला लागतं, ही यातली पंचाईत. जावळाच्या वेळी न्हाव्यापुढे अचानक गप्प झालेलं बाळ. इंजेक्शनच्या खोलीत ‘शहाणं’ बनून बसलेली भाची. इस्पितळात सगळ्याला ‘चालेल’ म्हणणारे म्हातारे काका. आपण त्यांचं केवढं कौतुक करतो, किती शांत म्हणून. एकदा जरा वाकून डोळ्यांत बघायला हवं. शांत आहेत, की आता विचारून उपयोग नाही असं त्यांना कळून चुकलंय?

असो. सात वाजत आले. तिकडे आईने सिरिंज काढली असेल आणि चिंगी पायपुसण्यावर येऊन उभी असेल.